उडी मोडून पुन्हा घडवताना

मार्च 2010 मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात जपानची फिगर स्केटर माओ असादा दुसऱ्यांदा जगज्जेती झाली. महिनाभर आधी व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवलं होतं आणि एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल अ‍ॅक्सल उड्या पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली होती. वय 19. हातात आहे ते सांभाळ, चार वर्षं टिकव आणि पुढचं ऑलिंपिक गाठ, हाच सल्ला अशा वेळी कुणीही दिला असता. माओने त्याच वर्षी आपल्या सगळ्या उड्या मोडायला काढल्या.

हे पुस्तक त्या निर्णयाभोवती उभं आहे. माओबद्दल जे काही लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं व्हँकुव्हरला येऊन थांबतं किंवा तिथून थेट 2014 च्या सोचीवर उडी घेतं. मधली वर्षं घसरणीची म्हणून उरकली जातात. त्या वर्षांत तिचे क्रमांक घसरले हे खरं आहे. पण तिच्या कारकिर्दीचं मर्म मला तिथेच सापडतं, आणि म्हणून या पुस्तकाची सर्वांत मोठी प्रकरणं त्या वर्षांना दिली आहेत.

पदकांची यादी मात्र आधीच देऊन टाकते, म्हणजे वाचकाला पुढे त्यांची वाट पाहावी लागणार नाही. तीन जागतिक विजेतेपदं: 2008, 2010 आणि 2014. ग्रां प्री फायनल चार वेळा जिंकली, चार खंडांची स्पर्धा तीन वेळा. जपानचं राष्ट्रीय अजिंक्यपद सहा वेळा. ऑलिंपिकचं एक रौप्य. एवढं सगळं असूनही जपानमध्ये तिचं नाव निघालं की लोक ज्या सादरीकरणाबद्दल बोलू लागतात, त्यात तिला कुठलंच पदक मिळालं नव्हतं.

मराठी वाचकासाठी थोडी पायाभरणी आवश्यक आहे, कारण बर्फाचा रिंक प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आपल्यात थोडी. स्केटच्या पात्याचा तळ सपाट नसतो. मधोमध बारीक पन्हळ असते, त्यामुळे पात्याला दोन कडा येतात, पायाच्या आतल्या बाजूची एक आणि बाहेरच्या बाजूची एक. स्केटर जवळजवळ सगळा वेळ यांपैकी कुठल्या तरी एका कडेवर कललेला असतो. वेग, वळण, तोल, सगळं त्या कडेतून येतं. उड्या मुख्यतः सहा: टो लूप, साल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अ‍ॅक्सल. प्रेक्षकाला हवेतली गिरकी सगळीकडे सारखीच दिसते. उडी ओळखायची ती बर्फ सोडण्याच्या क्षणावरून. कुठल्या पायाच्या कुठल्या कडेवरून निघाली, दुसऱ्या पायाच्या टोकाचा टेकू घेतला की नाही, यावर तिचं नाव ठरतं. फ्लिप आणि लुट्झ तर फक्त कडेने वेगळ्या होतात. फ्लिप आतल्या कडेवरून सुटते, लुट्झ बाहेरच्या. निघता निघता पाऊल आत कललं, की लुट्झची लुट्झ राहत नाही, आणि तंत्राचं परीक्षण करणारं मंडळ संथ चित्रफितीत ते बरोबर टिपतं.

अ‍ॅक्सल या सहांत वेगळी. नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉलसेन याने ती 1882 साली पहिल्यांदा केली. बाकी पाच उड्या पाठमोऱ्या निघतात, ही समोर तोंड करून निघते. उतरायचं मात्र सगळ्यांनी पाठमोरंच. म्हणून अ‍ॅक्सलला अर्धी फेरी जास्त लागते. ट्रिपल अ‍ॅक्सल म्हणजे साडेतीन फेऱ्या, एका सेकंदाहून कमी वेळात, आणि उतरायचं एका पायावर. पुरुष स्केटरांत ती 1980 च्या दशकापासून रुळत गेली. स्त्रियांत ती स्पर्धेत पूर्ण करणाऱ्यांची नावं माओच्या उमेदवारीच्या काळात एका हाताच्या बोटांवर मोजता येत होती, आणि त्यांतलं पहिलं नाव माओच्याच गावचं होतं.

मिदोरी इतो. नागोया शहरातली, चणीने बुटकी, उडीच्या ताकदीने अचाट. स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सल उतरवणारी ती जगातली पहिली स्त्री, साल 1988. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये ती जगज्जेती झाली, एकेरीत हा मान मिळवणारी आशियातली पहिली स्केटर. 1992 मध्ये आल्बेरव्हिलच्या ऑलिंपिकमध्ये मुक्त सादरीकरणात, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्या, लांब भागात, एकदा पडल्यावर, उरल्या वेळात तिने ट्रिपल अ‍ॅक्सल पुन्हा घेतली, उतरवली आणि रौप्य मिळवलं. इतोला घडवलं माचिको यामादा यांनी. नागोयातल्या ओसू भागातल्या रिंकवर यामादा यांची पिढ्यान्पिढ्यांची शाळाच होती. तिथल्या परंपरेत ट्रिपल अ‍ॅक्सल ही मुलींनी लांबून पाहायची गोष्ट नव्हती. समोरच्या बर्फावर एका मुलीने ती करून दाखवली होती. मिकी आंदो, ताकाहिको कोझुका, कानाको मुराकामी, शोमा उनो ही सगळी नावं याच आइची प्रांतातली. लहानग्या उनोला स्केटिंगकडे ओढलं ते माओनेच. पुढे तो स्वतः दोनदा जगज्जेता झाला. एखाद्या प्रांतात एखादी विद्या का रुजते, याचं उत्तर एका माणसात नसतं, म्हणून पहिलं प्रकरण मी माओला न देता ओसूच्या रिंकला आणि यामादा यांना दिलं आहे.

माओचा जन्म 25 सप्टेंबर 1990 चा. मोठी बहीण माई, तीही पुढे स्पर्धांत उतरलेली स्केटर. आई क्योको यांनी दोघींना आधी बॅलेला घातलं होतं. बॅलेने माओच्या हातांना आणि पाठीला जी लय दिली ती शेवटपर्यंत सुटली नाही. 2004 च्या डिसेंबरात, 14 व्या वर्षी, तिने कनिष्ठ गटाच्या ग्रां प्री फायनलमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सल उतरवली. कनिष्ठ गटात हे करणारी ती पहिली मुलगी. काही महिन्यांनी ती कनिष्ठांची जगज्जेती झाली.

आणि 2005 च्या डिसेंबरात तोक्योमध्ये, वरिष्ठ गटातल्या पहिल्याच मोसमात, तिने इरिना स्लुत्स्काया हिला मागे टाकून ग्रां प्री फायनल जिंकली. स्लुत्स्काया त्या वर्षीची जगज्जेती होती. दोन महिन्यांवर तुरिनचं ऑलिंपिक होतं आणि माओ तिथे जाऊ शकत नव्हती. ऑलिंपिक मोसमाच्या आधीच्या 1 जुलैला वयाची 15 वर्षं पूर्ण झालेली असावीत, असा तेव्हाचा नियम. माओ सप्टेंबरात 15 ची झाली. तीन महिन्यांहून कमी अंतराने दार बंद राहिलं. जपानमध्ये त्यावर मोठी चर्चा झाली, नियम बदलला नाही, आणि तुरिनचं सुवर्ण शिझुका अराकावा हिने मिळवलं, त्या खेळांतलं जपानचं ते एकमेव पदक. माओ गेली असती तर काय झालं असतं, यावर मी पुस्तकात एक ओळही खर्च केलेली नाही. त्या मोसमातून लक्षात ठेवण्यासारखं वेगळंच काही आहे. तेव्हाची माओ पडण्याला घाबरत नव्हती, कारण पडण्याला काही किंमत असते हे अजून तिच्या अंगाला ठाऊक नव्हतं.

पुढची काही वर्षं भराभर सांगता येतात. प्रशिक्षक बदलत गेले. आधी यामादा, मग कॅलिफोर्नियात राफाएल अरुत्युन्यान, आणि 2008 पासून रशियाच्या तात्याना तारासोवा. 2007 च्या तोक्योतल्या जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या भागानंतर, ती पाचवी होती. मुक्त सादरीकरणात तिने सर्वाधिक गुण मिळवले आणि मिकी आंदोपेक्षा फक्त 0.64 गुणांनी मागे राहिली. 2008 ला स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ती मुख्य प्रशिक्षकाविनाच गेली. मुक्त सादरीकरणाच्या सुरुवातीला ट्रिपल अ‍ॅक्सलच्या तयारीत असतानाच पाय निसटला आणि ती घसरत दूर गेली. उडी झालीच नाही. उठून तिने उरलेलं सगळं असं केलं की पहिलं जागतिक विजेतेपद तिच्याकडे आलं. कुणाला माओ असादा म्हणजे काय हे एकाच चित्रफितीतून दाखवायचं असेल, तर मी हीच दाखवीन.

याच काळात शेजारच्या कोरियात तिच्याहून 20 दिवसांनी मोठी एक मुलगी वर येत होती. किम युना. कनिष्ठ गटात 2005 ला माओ पहिली, 2006 ला किम पहिली. तिथून आठ वर्षं दोघींची नावं एका श्वासात घेतली गेली. जपान आणि कोरिया यांच्यातला जुना कडवटपणा या दोन मुलींच्या अंगावर किती लादला गेला, याचं एक प्रकरण पुढे आहे. त्या दोघींनी स्वतः तो उचलला नाही. निवृत्तीच्या वेळीही माओ किमबद्दल आदरानेच बोलली.

व्हँकुव्हर समजून घ्यायचं तर गुणांचा हिशेब पाहावा लागतो. 2002 च्या सॉल्ट लेक सिटीतल्या परीक्षणाच्या घोटाळ्यानंतर जुनी सहा गुणांची पद्धत गेली आणि प्रत्येक हालचालीला मूळ किंमत देणारी नवी पद्धत आली. 2010 मध्ये ट्रिपल अ‍ॅक्सलची किंमत होती 8.2. माओ शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तिला दुहेरी टो लूप जोडायची, मिळून 9.5. किम करायची ट्रिपल लुट्झ आणि तिला जोडून ट्रिपल टो लूप; किंमत 10. म्हणजे स्त्रियांतली सर्वांत अवघड उडी करूनही माओ कागदावर अर्ध्या गुणाने मागूनच सुरुवात करत होती. वर, उडीची फेरी पाव वळणाहून अधिक कमी पडली, की त्या काळच्या नियमाने ती खालच्या उडीत मोजली जायची आणि 8.2 चे थेट 3.5 व्हायचे. इतक्या कमी मोबदल्यासाठी इतकी मोठी जोखीम तिने दोन दिवसांत तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा ती उतरली.

तरीही मला व्हँकुव्हरचा निकाल अन्यायाचा वाटत नाही. किमचे 228.56, माओचे 205.50. त्या रात्री किमच्या सादरीकरणात एकही कच्चा दुवा नव्हता. तिच्या उड्यांना वेग होता, आणि वेगातून येणारी लांबी होती. माओने राखमनिनॉफच्या प्रेल्यूडवरचा गडद, भारदस्त कार्यक्रम उभा केला. दोन ट्रिपल अ‍ॅक्सल पार पडल्या आणि मग नंतरच्या उड्यांत चुका झाल्या. पण चुका बाजूला ठेवून कार्यक्रमाचा आराखडाच वाचला तर आणखी काही दिसतं. त्यात ट्रिपल लुट्झ नव्हती. ट्रिपल साल्काव नव्हती. लुट्झला तिचं पाऊल आत कलत होतं, साल्काव तिने कित्येक वर्षं टाळली होती. एका अजोड उडीच्या आड दोन उड्यांची उणीव झाकली गेली होती, आणि त्याची जाणीव सर्वांत आधी माओलाच होती.

म्हणून ती नोबुओ सातो यांच्याकडे गेली. 1942 चा जन्म, दहा वेळा जपानचे विजेते, दोन ऑलिंपिक खेळलेले; मुलगी युका 1994 ची जगज्जेती. सातो यांची ख्याती उड्यांची नव्हती. त्यांच्या शिष्यांना लोक ओळखत ते बर्फावरून वाहत जाण्यावरून, कडेच्या खोलीवरून, एका ढकलीत किती दूर जाता येतं यावरून. माओला नेमकं तेच हवं होतं. पण वेग वाढला की उडीची वेळ बदलते, खांद्याची जागा बदलते, निघण्याचा कोन बदलतो. शरीराने दहा-बारा वर्षांत जे न विचारता करायला शिकून घेतलं, ते सगळं पुसावं लागतं. दोघांनी साध्या, कमी फेऱ्यांच्या उड्यांपासून पुन्हा सुरुवात केली. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने विसाव्या वर्षी डाव्या हाताने लिहायला बसावं आणि त्याच वेळी परीक्षाही द्यावी, असा तो प्रकार होता. कारण मोसम थांबत नव्हता.

2010 च्या शरदात नागोयात, तिच्या स्वतःच्या गावात, एनएचके ट्रॉफी झाली. जगज्जेती माओ आठवी आली. महिनाभराने पॅरिसला पाचवी. ट्रिपल लुट्झ, फ्लिप, अ‍ॅक्सल, सगळ्याच उड्या हातातून निसटत होत्या. आजही ती चित्रं पाहणं सोपं नाही. मी ती पुस्तकासाठी पुन्हा पुन्हा पाहिली, आणि उड्यांवरून नजर काढून पावलांकडे लावली तेव्हा वेगळं काही दिसू लागलं. दोन उड्यांमधला प्रवास बदलत होता. पूर्वी ती उडीच्या आधी लांबलचक तयारी करायची, वेग मंदावायचा. आता गुडघा खोल वाकत होता, कड जास्त वेळ टिकत होती, आणि वरच्या अंगाला घाई नव्हती. उड्या ढासळत असताना स्केटिंग सुधारत होतं. गुणपत्रकात त्याला फारसं स्थान मिळालं नाही, आणि वर्तमानपत्रांत तर मुळीच नाही.

मार्च 2011 मध्ये तोहोकूचा भूकंप आणि त्सुनामी झाली. तोक्योत व्हायची जागतिक स्पर्धा एप्रिलच्या अखेरीस मॉस्कोला गेली. माओ सहावी आली. पुढच्या वर्षी नीसलाही सहावी. या दोन सहाव्या क्रमांकांच्या मधे जे घडलं ते लिहिताना हात जड होतो. डिसेंबर 2011 मध्ये ग्रां प्री फायनलसाठी ती कॅनडातल्या क्वेबेकला पोहोचली असताना आईची प्रकृती बिघडल्याचा निरोप आला. ती स्पर्धा सोडून निघाली. 9 डिसेंबरला क्योको असादा गेल्या, वय 48, लेक पोहोचण्याआधीच. त्याच महिन्याच्या अखेरीस ओसाकाजवळच्या कादोमात राष्ट्रीय स्पर्धा होती. ती उतरली, लिस्टच्या ‘प्रेमस्वप्न’ या रचनेवरचा तिचा मुक्त कार्यक्रम तिने केला, आणि जिंकली. त्या दिवसांत जपानी माध्यमांनी तिच्या दुःखाचं जे प्रदर्शन मांडलं त्याचा तपशील मी वगळला आहे. तिने स्वतः त्याबद्दल मोजकंच बोलणं पसंत केलं, आणि तिच्या चरित्रकाराने त्याहून जास्त बोलू नये.

यानंतरचा मोसम माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला सर्वांत अर्थपूर्ण आहे, आणि सर्वांत कमी आठवला जाणारा. 2012 च्या हिवाळ्यात माओने ट्रिपल अ‍ॅक्सल कार्यक्रमातून काढून ठेवली. जिच्या नावाशी ही उडी जोडली गेली होती, तिने ती न करता चीनमधली स्पर्धा जिंकली, एनएचके ट्रॉफी जिंकली, आणि सोचीत, ऑलिंपिकसाठी नुकत्याच उभारलेल्या रिंकवर, पाठ दुखत असताना ग्रां प्री फायनलही जिंकली. दोन वर्षं सातो यांच्याबरोबर जे घडवलं ते स्वतःच्या बळावर उभं राहू शकतं का, याची ही चाचणी होती. राहिलं. मगच, फेब्रुवारी 2013 मध्ये ओसाकात, चार खंडांच्या स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सल परतली, नव्या वेगातून निघालेली. ती स्पर्धाही तिने जिंकली. पुढच्या मोसमात ती उतरली त्या सगळ्या ग्रां प्री स्पर्धांत तिला सुवर्ण मिळालं आणि सोची 2014 ला ती सुवर्णाच्या दावेदारांत गणली जाऊ लागली.

सोचीबद्दल लिहिताना दोन्ही दिवस पूर्ण लिहायला हवेत. सांघिक स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सलवर पडणं झालंच होतं. 19 फेब्रुवारीला एकेरीच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तिचा क्रम सर्वांत शेवटी, तिसावा होता. शोपँच्या नॉक्टर्नवर सुरुवात झाली आणि पहिलीच उडी, ट्रिपल अ‍ॅक्सल, कोसळली. फ्लिपची फेरी कमी पडली. शेवटी जोडउडी व्हायची ती झालीच नाही, आणि जोडउडी नसली की शॉर्ट प्रोग्रॅम गुणांत पार खचतो. 55.51. क्रमांक 16. बाहेर आल्यावर तिच्या चेहऱ्यावर रडूही नव्हतं, नुसती बधिरता होती. दुसऱ्या दिवशी जपानचे माजी पंतप्रधान योशिरो मोरी एका भाषणात म्हणाले की ही मुलगी महत्त्वाच्या वेळी हमखास पडते. त्यावर देशभर संताप उसळला. मायदेशी परतल्यावर पत्रकारांनी तिला याबद्दल विचारलं, तेव्हा तिने मोरींना आता थोडा पश्चात्ताप होत असेल, एवढंच हसून म्हटलं. कुणी पडत नाही असं नाही, हेही तिने शांतपणे सांगितलं.

20 फेब्रुवारी. सोळाव्या क्रमांकामुळे ती पदकवाल्यांच्या गटात नव्हती. पहिल्या अर्ध्यातच तिची वेळ आली. जपानमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. संगीत राखमनिनॉफच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोचं, रचना तारासोवा यांची. कार्यक्रमात सहाही प्रकारच्या उड्या तिहेरी होत्या. ट्रिपल अ‍ॅक्सल उतरली. फ्लिप आणि लूप. लुट्झ, जी व्हँकुव्हरला नव्हती. दुहेरी अ‍ॅक्सल आणि टो लूप. साल्काव, जी व्हँकुव्हरला नव्हती. पुन्हा फ्लिप, पुन्हा लूप. एकूण आठ तिहेरी उड्या, आणि एकदाही पडली नाही. तंत्राच्या मंडळाने लुट्झच्या कडेवर आणि काही अपुऱ्या फेऱ्यांवर बोट ठेवलं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. तरी गुण आले 142.71, तिच्या आयुष्यातले तोवरचे सर्वाधिक. त्या रात्रीच्या मुक्त सादरीकरणांत तिसरे. एकूण 198.22 वर ती सहावी राहिली. सुवर्ण रशियाच्या आदेलिना सोत्निकोवाला, रौप्य किमला, कांस्य कॅरोलिना कोस्टनरला.

लोकांना या सादरीकरणात आठवतं ते शेवटच्या स्वरानंतरचं रडू आणि त्यातूनच आलेलं हसू. आठवावंच. पण मला त्यातलं शेवटचं मिनिट, सगळ्या उड्या संपल्यानंतरची पदन्यासाची मालिका जास्त मोलाची वाटते. तिथे तिला गमावण्यासारखं किंवा मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि चार वर्षांपूर्वी जी कड तिच्या पायाखाली नव्हती ती तिथे आहे, ठसठशीत, प्रत्येक वळणात. नशिबाने साथ दिलेली एक रात्र म्हणून तिकडे पाहणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ती रात्र 2010 च्या एनएचके ट्रॉफीतल्या आठव्या क्रमांकाशिवाय येऊच शकली नसती.

महिनाभरात सैतामामध्ये जागतिक स्पर्धा झाली. तोच नॉक्टर्न, तीच पहिली उडी. या वेळी ती उतरली आणि शॉर्ट प्रोग्रॅमला 78.66 गुण मिळाले. व्हँकुव्हरपासून टिकलेला किमचा 78.50 चा विश्वविक्रम मोडला. माओ तिसऱ्यांदा जगज्जेती झाली, आपल्या देशातल्या प्रेक्षकांसमोर.

तिथेच थांबायला हवं होतं, असं अनेकांचं म्हणणं. एक वर्ष विश्रांती घेऊन ती 2015 मध्ये परतली आणि पुनरागमनातली पहिलीच ग्रां प्री स्पर्धा जिंकली. मग डावा गुडघा साथ देईना. 2016 ला बोस्टनच्या जागतिक स्पर्धेत सातवी. त्या शरदात ग्रां प्रीमध्ये सहावी आणि नववी. डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेत बारावी. त्या शेवटच्या स्पर्धेतही ट्रिपल अ‍ॅक्सल कार्यक्रमात होती. 10 एप्रिल 2017 ला तिने निवृत्ती जाहीर केली, दोन दिवसांनी पत्रकारांसमोर आली, आणि अखेरीस डोळे भरून आले तेव्हा वळून पाठमोरी उभी राहिली. ही शेवटची दोन वर्षं वाया गेली असं मी मानत नाही. पुन्हा शिकता येतं हे जिने एकदा अनुभवलं होतं, तिने दुसऱ्यांदा प्रयत्न करून पाहिला. या वेळी शरीराने नकार दिला. नंतर तिने स्वतःचा चमू घेऊन जपानभरच्या छोट्या-मोठ्या रिंकवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि 2024 मध्ये तोक्योच्या पश्चिमेला ताचिकावात तिच्या नावाचा रिंक उभा राहिला. त्याबद्दल शेवटच्या प्रकरणात आहे.

वाचण्यापूर्वी एक विनंती. 2006 मध्ये, 16 वर्षांची माओ, शोपँच्या याच नॉक्टर्नवर शॉर्ट प्रोग्रॅम करायची. 2013-14 मध्ये तिने तेच संगीत पुन्हा निवडलं. दोन्ही वेळची नृत्यरचना लॉरी निकल यांची. दोन्ही चित्रफिती मिळतात. 2006 ची नागानोतल्या एनएचके ट्रॉफीची आणि 2014 ची सैतामाची, एकामागून एक पाहाव्यात, आणि निदान एकदा तरी उड्यांच्या वेळी डोळे तिच्या पावलांवरच ठेवावेत. पहिलीत एक हलकी, निर्धास्त मुलगी बर्फाच्या वरून जाते. दुसरीत पातं बर्फात रुतून वळतं आणि वळणाबरोबर वेग वाढतो. हा फरक ज्याला दिसेल, त्याने थेट चौथ्या प्रकरणापासून वाचायला हरकत नाही. सातो यांच्या रिंकवरची पहिली सकाळ तिथे सुरू होते.